शिरोड्याचे मास्तर भाऊसाहेब खांडेकर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्राला एक-दोन पाने द्यावीत, असा जुना प्रघात आहे. बहुधा आपण जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे ह्यांची चरित्रे लिहितो, आणि ते योग्यच आहे. ह्या खेपेस मात्र मी एका कादंबरीकाराचे चरित्र लिहावयास घेतले आहे. हे कादंबरीकार म्हणजे कै. विष्णु सखाराम खांडेकर. सारा महाराष्ट्र त्यांना भाऊसाहेब म्हणून ओळखत असे. त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची अठरा वर्षे आपल्याच ह्या किनाऱ्यावर, वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे गावी गेली. तेव्हा ते आपल्या घरचेच, असे म्हणावयास हरकत नाही.

कादंबरीकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक निराळेच चित्र उभे राहते. आरामखुर्ची, हाताशी चहाचा कप, बाहेर चांदणे आणि मनात नुसत्या कल्पनांच्या लहरी! घरात तांदूळ आहेत की संपले, मुलाला ताप आहे की उतरला, ह्याच्याशी त्याला जणू काही कर्तव्यच नसते. आपल्या हाती पुस्तक येते ते वाढलेल्या ताटासारखे आयते येते. ते रांधताना सरपण ओले होते की सुके, चूल किती वेळा फुंकावी लागली, हे जेवणाराला कोठे दिसते? पण आपण रांधणाऱ्या आहोत. आपल्याला ते विचारावेसे वाटते. भाऊसाहेबांच्या कादंबऱ्यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी, मला ते साधणार नाही. मी त्यांची चूल कशी पेटली, तेवढेच सांगणार आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १८९८ च्या जानेवारी महिन्यात सांगली येथे झाला. जन्मनाव गणेश, वडिलांचे नाव आत्माराम. वडील सांगली संस्थानात न्यायखात्यात नोकरीस होते. घर सुशिक्षित, पण सुख फार दिवस टिकले नाही. वडिलांना पक्षाघाताने गाठले आणि १९११ साली ते वारले. त्या वेळी गणेश तेरा वर्षांचा होता. ज्या वयात मुलाने विटी-दांडू खेळावयाचा, त्या वयात घरच्या विवंचना त्याला कळू लागल्या. तरीही त्याने अभ्यास सोडला नाही. १९१३ साली तो मॅट्रिक झाला, तो सबंध मुंबई इलाख्यात वरच्या क्रमांकात. मग तो पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेला. पुण्यात त्याला कवि-नाटककार राम गणेश गडकरी ह्यांचा सहवास लाभला. गडकऱ्यांसारखा माणूस जवळून पाहिल्यावर लिहिण्याची हौस असलेल्या मुलाच्या मनाचे काय झाले असेल, ते सांगावयास नको.

पण नुसत्या हौसेवर कॉलेजची फी भरता येत नाही. घरात पैसा नव्हता. अशा वेळी सावंतवाडी संस्थानातील नानेली गावचे त्याचे चुलते सखारामपंत खांडेकर ह्यांस तो दत्तक जावा, असे ठरले. हे १९१६ साली झाले. मुलाच्या शिक्षणाची सोय होईल, अशी आशा त्यामागे होती. परंतु दत्तक गेल्यावर झाले उलटेच. कॉलेज पुरे न करताच त्याला पुणे सोडावे लागले. देशावर वाढलेला मुलगा कोकणातल्या एका आडगावी आला. त्याला हिवतापाने घेरले. डोळे तर लहानपणापासूनच अधू. ना पदवी, ना नोकरी, ना प्रकृती, अशी ती तीन-चार वर्षे गेली.

येथे मला एक गोष्ट आपल्यापुढे मांडावीशी वाटते. दत्तकविधीत मुलाचे नाव बदलले. गणेश आत्माराम गेला आणि विष्णु सखाराम आला. आपणा बायकांचे लग्नात असेच होते. एका घरचे नाव पुसून दुसऱ्या घरचे लावून घ्यावयाचे, नव्या माणसांना आई-बाबा म्हणावयाचे आणि जुन्या उंबऱ्याकडे पाहिले तरी डोळ्यांत पाणी आणावयाचे नाही. पुरुषांच्या वाट्याला हे सहसा येत नाही. भाऊसाहेबांच्या वाट्याला ते अठराव्या वर्षी आले. त्यांच्या कादंबऱ्यांतून बाईचे मन इतके उकलून दाखविलेले असते, त्याचे मूळ कदाचित येथेही असेल. हा माझा आपला तर्क आहे. पण ज्याने स्वतः घर बदलले, त्याला घर सोडणारीचे दुःख लवकर समजते, एवढे खरे.

१२ एप्रिल १९२० ह्या दिवशी भाऊसाहेब शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय बावीस. हीच शाळा पुढे अ. वि. बावडेकर विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. शिरोडे त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. आपला सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १ मे १९८१ रोजी. एका बाजूस सावंतवाडी संस्थान, पलीकडे तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगीजांचा गोवा, आणि समोर अफाट समुद्र. मुंबईची आगबोट वेंगुर्ले बंदरात लागावयाची, तीही पावसाळ्यात बंद. म्हणजे पुण्या-मुंबईचे साहित्यिक जेथे रोज एकमेकांस भेटत, वाद घालीत, मासिकांच्या कचेरीत जाऊन बसत, तेथून हा तरुण किती दूर पडला होता, ह्याची कल्पना करा. त्याच्या सोबतीला माड, पोफळी, मिठागरे आणि मुले.

आणि ती मुले कशी होती? कुळांची, मच्छीमारांची, लहानसहान दुकानदारांची. भात चार महिने पुरावयाचे, मग कर्ज काढावयाचे. घरातला कर्ता मुंबईस गिरणीत किंवा खाणावळीत, आणि मागे म्हातारी माणसे व बायका मनिऑर्डरीची वाट पाहत बसलेली. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सारे भोगले आहे. पेजेवर दिवस काढून शाळेत येणारे मूल पुढच्या बाकावर बसले म्हणजे पुस्तकातला धडा शिकविणे सोपे नसते. भाऊसाहेबांना गरिबी घरची ठाऊक होती, पण ती पांढरपेशांची गरिबी. अंगावर सदरा नसलेली गरिबी त्यांनी शिरोड्यात पाहिली. जातिभेदाचे चटकेही पाहिले. पुढे त्यांनी जे लिहिले, त्याचे बी येथल्या तांबड्या मातीत पडले, हे त्यांनी स्वतः वेळोवेळी मान्य केले आहे.

ते शाळेत नुसते शिक्षक राहिले नाहीत, तर मुख्याध्यापकही झाले. खेडेगावच्या खाजगी शाळेचे मुख्याध्यापकपण म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांस माहीत आहे. सरकारी मदत तुटपुंजी, पगार बेताचा. वर्ग घ्यावयाचे, वह्या तपासावयाच्या, तपासनीस येणार म्हणून कागदपत्रे तयार ठेवावयाची, फी थकलेल्या मुलाच्या बापाची समजूत घालावयाची. हे सारे आटोपल्यावर जो वेळ उरे, त्यात भाऊसाहेबांचे लेखन चाले. त्यांची कथा, त्यांचे लघुनिबंध, त्यांची टीका, सारे ह्या उरलेल्या वेळातले आहे. दुपारची उष्टी-खरकटी काढल्यावर दिवेलागणीपर्यंत जो अर्धा तास आपल्याला मिळतो, तसाच तो. फरक एवढाच की त्या अर्ध्या तासाचे त्यांनी सोने केले.

आरंभी त्यांनी 'कुमार' ह्या नावाने कविता लिहिल्या, 'आदर्श' ह्या नावाने विनोदी लेख आणि टीका लिहिली. सावंतवाडीहून निघणाऱ्या 'वैनतेय' साप्ताहिकात त्यांनी सातत्याने मजकूर लिहिला. साप्ताहिकाचे काम मोठे नाव देत नाही, पण हात चालता ठेवते. दर आठवड्याला ठरल्या वारी मजकूर गेलाच पाहिजे, मग ताप असो वा परीक्षा असो. नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांना ते गुरू मानीत, आणि कोल्हटकरांच्याच उत्तेजनाने ते कथेकडे वळले. १९२८ साली त्यांचे 'रंकाचे राज्य' हे नाटक प्रसिद्ध झाले आणि १९२९ साली 'नवचंद्रिका' हा पहिला कथासंग्रह.

त्याच १९२९ साली त्यांचे लग्न झाले. वय एकतीस. त्या काळच्या मानाने हे लग्न पुष्कळच उशिराचे. पत्नीचे माहेरचे नाव मनू, सासरचे उषा. म्हणजे त्या घरात आता दोघेही नवे नाव लावणारे झाले. पुढे मुले झाली. अधू डोळ्यांचा, वरचेवर आजारी पडणारा, शाळेला वाहून घेतलेला आणि उरला वेळ कागदावर घालविणारा नवरा, ही काही सोपी गोष्ट नव्हे. लेखकाच्या घरात पत्रे फार येतात, पाहुणे फार येतात, पैसा मात्र फार येत नाही. आलेल्याला चहा-पोहे करावयाचे, लिहिणे चालू असता मुलांना अंगणात घेऊन जावयाचे, महिनाअखेर वाण्याच्या वहीची समजूत पटवावयाची, ही कामे कोणत्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापली जात नाहीत. उषाबाईंविषयी आपल्याला वाचावयास फारसे मिळत नाही. पण ज्या बारा वर्षांत भाऊसाहेबांनी सर्वांत अधिक लिहिले, ती लग्नानंतरचीच बारा वर्षे आहेत. एवढ्यावरून जे समजावयाचे ते आपण समजू शकतो.

पाहा ना. 'हृदयाची हाक' १९३० साली, 'कांचनमृग' १९३१ साली, 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' १९३४ साली, 'हिरवा चाफा' आणि 'दोन मने' १९३८ साली. त्यापुढे 'रिकामा देव्हारा', 'सुखाचा शोध', 'पहिले प्रेम', 'जळलेला मोहर', आणि १९४२ साली 'क्रौंचवध'. म्हणजे जवळजवळ वर्षाला एक कादंबरी, आणि शिवाय कथा, निबंध, प्रस्तावना, भाषणे निराळीच. इतके लिहिण्याची उभारी कोठून आली?

एक कारण असे की, काळच तसा होता. 'हृदयाची हाक' ज्या १९३० साली प्रसिद्ध झाली, त्याच सालच्या मे महिन्यात शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले आणि त्याचे लोण आपल्या किनाऱ्यावर आले. महाराष्ट्रातून सत्याग्रही शिरोड्यास जमले, मिठागरात उतरले, पोलिसांच्या लाठ्या त्यांनी अंगावर घेतल्या. ज्या मिठागरांवरून गावची माणसे रोज येत-जात, ती एकाएकी देशाच्या इतिहासात गेली. गावातल्या मास्तरांना हे दूरच्या बातमीसारखे कसे वाटावे? ध्येयासाठी सर्वस्व देणारी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि ध्येयाच्या नावाने घरादाराची होणारी ओढाताणही पाहिली. त्यांच्या कादंबऱ्यांत ध्येयवेडा माणूस आणि त्याच्या पायी पोळणारे घर ही जोडी पुनः पुन्हा येते, ती उगाच नाही.

दुसरे कारण संसार. मुले वाढत होती, खर्च वाढत होता. मराठी कादंबरी किती खपते आणि लेखकाच्या हाती किती पडते, ह्याचा हिशेब तेव्हाही फारसा सुखाचा नव्हता, आजही नाही. नुसत्या लेखणीवर घर चालविण्याइतका मोबदला फार थोड्यांना मिळाला. म्हणून मराठी लेखक बहुधा शिक्षक, प्राध्यापक, वकील किंवा कारकून असतो. त्याचे लेखन म्हणजे पोटाच्या उद्योगाला लावलेले ठिगळ नसून, पोटाचा उद्योगच लेखनाला लावलेला टेकू असतो. भाऊसाहेबांचा टेकू शाळा होती. आणि तो टेकू सोडण्याचा प्रसंग त्यांच्यावर १९३८ साली आला.

त्याचे असे झाले. कोल्हापूरला मास्टर विनायक आणि त्यांच्या सोबत्यांनी 'हंस पिक्चर्स' ही चित्रपट कंपनी काढली होती. तिच्यासाठी भाऊसाहेबांनी कथा लिहिली, आणि १९३६ साली 'छाया' हा बोलपट निघाला. तो गाजला. मग मागणी वाढली. शिरोड्यात राहून शाळाही सांभाळावयाची आणि बोलपटांच्या कथाही लिहावयाच्या, हे दोन्ही निभणे कठीण झाले. अठरा वर्षे ज्या शाळेत घालविली ती सोडावयाची की नाही? एका पारड्यात माया लागलेले गाव, लळा लागलेली मुले, समुद्र आणि निवांतपणा. दुसऱ्या पारड्यात बायको-मुलांचे भवितव्य, डोळ्यांचे व प्रकृतीचे औषधपाणी, आणि लेखनाला मोठे मैदान. १९३८ साली भाऊसाहेब कोल्हापुरास राहावयास गेले.

ध्येयवादाच्या गोष्टी लिहिणारा माणूस सिनेमाच्या पैशामागे गेला, असा आक्षेप पुष्कळांना सुचेल. त्या काळी सिनेमाला घरंदाज माणसे नाकच मुरडीत. मला मात्र त्यांना दोष देववत नाही. मास्तराने उपाशी राहून ध्येय सांभाळावे, अशी अपेक्षा आपण फार सहज करतो. पण त्याच्या घरची माणसे त्याच्याबरोबर उपाशी राहतात, हे विसरतो. शिवाय 'छाया' काय, १९३८ चा 'ज्वाला' काय किंवा १९४१ चा 'अमृत' काय, ह्या बोलपटांतही त्यांनी नुसता तमाशा मांडला नाही. गरिबी, लोभ, माणुसकी हेच त्यांचे विषय तेथेही राहिले. भांडे बदलले, अन्न तेच. तथापि ह्या बदलाची किंमत त्यांनी दिलीच. शिरोड्याची ती अठरा वर्षे पुन्हा आली नाहीत. भाऊसाहेब अखेरपर्यंत शिरोड्याविषयी लिहीत राहिले, ते माहेर तुटलेल्या मुलीच्या मायेने.

कोल्हापुरात त्यांना मान मिळाला. १९४१ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ह्याच कोल्हापुरात प्राध्यापक ना. सी. फडके राहत. ते दुसरे लोकप्रिय कादंबरीकार. फडक्यांचे म्हणणे, कला ही कलेसाठीच असावी. भाऊसाहेबांचे म्हणणे, कला जीवनासाठी असावी. हा वाद त्या पिढीत घरोघर चालला. आपणा बायकांना विचारले असते तर आपण कदाचित असे म्हटले असते की, रांगोळी नुसती सुंदर असली तरी चालते, पण घरात रांगोळीही हवी आणि पोळीही हवी. असो.

ह्यानंतर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. वर्षाला एक कादंबरी देणाऱ्या ह्या लेखकाने १९४२ च्या 'क्रौंचवधा'नंतर दहाहून अधिक वर्षे नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. ते रिकामे बसले होते असे नव्हे. कथा चालू होत्या, निबंध चालू होते, आणि रूपककथा हा लहानसा, दृष्टान्तासारखा प्रकार त्यांनी मराठीत रुजविला, तोही ह्याच काळात बहरला. लेबनॉनचा कवी खलील जिब्रान त्यांनी मराठीत आणला. पण कादंबरी येईना. १९४७ साली स्वातंत्र्य आले, त्याच साली मास्टर विनायक गेले. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला. ज्या ध्येयांवर भाऊसाहेबांची पिढी पोसली होती, ती ध्येये स्वातंत्र्य मिळताच माणसे खुंटीला टांगून ठेवू लागली. काळा बाजार, सत्तेची हाव, सुखाची घाई. शिरोड्याच्या मिठागरात लाठ्या खाणारे जे त्यांनी पाहिले होते, त्यांचे हे फळ काय? ज्याचा विश्वासच डळमळला, त्याने कोणता नायक उभा करावा? ही लेखकाची चिंता पैशाच्या चिंतेहून मोठी. वाण्याची उधारी कधीतरी फिटते. मनातली फिटत नाही.

त्या दीर्घ मौनानंतर जी कादंबरी आली, ती 'अश्रू'. तिचा नायक शंकर हा एक गरीब शाळामास्तर आहे. तो सचोटी सोडीत नाही, आणि सचोटीने घर चालत नाही. वाचताना मला शिरोड्याच्या मास्तरांचीच आठवण झाली. सोळा वर्षांपूर्वी सोडलेली शाळा भाऊसाहेबांनी मनातून सोडलेली नव्हती.

आणि मग १९५९ साली आली 'ययाती'. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती प्रसिद्ध केली. महाभारतातली ही गोष्ट अनेक वर्षे त्यांच्या मनात घोळत होती. कितीही भोगले तरी तृप्त न होणारा, पोटच्या मुलाचे तारुण्य मागून घेणारा राजा. आजूबाजूला नुसत्या सुखामागे धावणारा समाज पाहून भाऊसाहेबांना तो राजा आठवला. मला ह्या कादंबरीतली मोठी गोष्ट वाटते ती अशी की, येथे राजा एकटाच बोलत नाही. देवयानी आपली बाजू आपल्या तोंडाने सांगते, शर्मिष्ठा आपली सांगते. पुराण ऐकताना आपण देवयानी गर्विष्ठ आणि शर्मिष्ठा दुर्दैवी, एवढे म्हणून मोकळ्या होतो. भाऊसाहेबांनी दोघींना बोलू दिले. सवतींपैकी प्रत्येकीला स्वतःचे म्हणणे असते, हे आमच्या घराघरांत कोणी विचारले होते? आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात एकदा ह्या दोघींवर चर्चा ठेवावी, अशी माझी सूचना आहे. ती रंगेल ह्यात शंका नाही.

'ययाती'ला १९६० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९६८ साली भाऊसाहेबांना पद्मभूषण मिळाले. आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले मराठी लेखक. त्यांच्या कादंबऱ्या गुजरातीत गेल्या, हिंदीत गेल्या. तामिळमध्ये तर का. श्री. श्रीनिवासाचार्य ह्यांच्या भाषांतरांमुळे त्या इतक्या घरोघर पोहोचल्या की, तिकडच्या वाचकांना खांडेकर आपलेच वाटू लागले. शिरोड्याच्या माडांखाली सुचलेली गोष्ट मद्रासकडच्या एखाद्या गृहिणीने डोळे पुसत वाचावी, ह्यापरते नवल कोणते!

पण ज्या वेळी हे मानसन्मान चालून येत होते, त्या वेळी घर रिकामे होत होते आणि डोळे विझत होते. उषाबाई त्यांच्या आधी गेल्या. जन्मभर अधू असलेली दृष्टी शेवटच्या वर्षांत पूर्ण गेली. ज्याचे सारे आयुष्य अक्षरांत गेले, त्याला अक्षर दिसेनासे व्हावे, ही केवढी शिक्षा! तरी भाऊसाहेबांनी लेखन थांबविले नाही. ते दुसऱ्याकडून वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत. पुढचे वाक्य मनात जुळवावयाचे, ते बोलावयाचे, लिहिणाऱ्याची लेखणी थांबेपर्यंत आपण थांबावयाचे, मागचे काय झाले ते लक्षात ठेवावयाचे. अंधारात चाचपत तांदूळ निवडण्यासारखे ते काम आहे. 'अमृतवेल' ही कादंबरी १९६७ सालची. स्वतःच्या दुःखाच्या कुंपणात माणसाने अडकून पडू नये, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहावे, असा तिचा आशय आहे. ज्याच्या वाट्याला एवढे दुःख आले त्याने हे लिहावे, म्हणून त्या लिहिण्याला वजन आहे.

२ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे भाऊसाहेब वारले. सांगलीजवळच जन्म-मरणाची दोन्ही टोके जुळली. 'एका पानाची कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मागून प्रसिद्ध झाले. १९९८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे, आणि शिरोड्यासही त्यांची स्मृती जपलेली आहे.

आता त्यांच्या लेखनातील दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हे चरित्र नुसती आरती होईल. त्यांची भाषा फार नटलेली आहे, एका वाक्यात दोन-दोन उपमा येतात, त्यांची पात्रे बोलण्याऐवजी भाषण करतात, असे टीकाकार म्हणतात. आजच्या मुलींना त्या कादंबऱ्या जड वाटतात, हे मी पाहते. त्यात तथ्य आहे. दागिने अंमळ जास्तच झाले आहेत. पण दागिने काढून पाहिले तर खालचे अंग धडधाकट आहे. सोळा कादंबऱ्या, अडीचशेच्या घरात कथा, शंभराच्या आसपास लघुनिबंध, नाटक, टीका, बोलपट, एवढे काम अधू डोळ्यांच्या, तापाने पिडलेल्या एका शाळामास्तराने केले, आणि त्यात माणसाच्या माणुसकीवरचा हात कोठेही काढला नाही.

भगिनींनो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, मोठे काम करण्यास मोठे शहर, मोकळा वेळ आणि भरलेली तिजोरी लागतेच असे नाही. आपल्यासारख्याच एका गावात, आपल्यासारख्याच अडचणींत, उरलेल्या वेळात ते होऊ शकते. आपल्यापैकी कित्येकींना ओव्या येतात, गोष्टी येतात, गावचे जुने प्रसंग ठाऊक आहेत. ते कागदावर उतरविण्यास रोजचा अर्धा तास पुरे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. असा अर्धा तास कोणालाही आपोआप मिळत नाही. तो घरातल्या कोणीतरी द्यावा लागतो. भाऊसाहेबांना तो त्यांच्या घराने दिला. आपल्या घरात एखादी सून शिकत असेल, एखादी मुलगी परीक्षेला बसत असेल, एखादा मुलगा काही लिहीत असेल, तर त्याला-तिला तेवढा वेळ आपण द्यावा. आणि कधी तो आपल्यासाठीही मागून घ्यावा. मागण्यात कमीपणा नाही.

मालवणाहून शिरोडे काही दूर नाही. वेंगुर्ल्यावरून आरवलीच्या वेतोबाचे दर्शन घेऊन पुढे गेले की शिरोडे आले. येत्या सहलीच्या वेळी मंडळाने तिकडे जावे. वेळागरची वाळू पाहावी, मिठागरे पाहावीत, ती शाळा पाहावी. आणि परतताना प्रत्येकीने भाऊसाहेबांचे एक पुस्तक वाचावयास घ्यावे, एवढी विनंती करून ही अल्पशी सेवा मंडळाच्या चरणी रुजू करते.